सटवाईच्या आधी

बाळ पाच दिवसांचं झालं की घरात पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. तिचं अक्षर कुणाला वाचता येत नाही, खोडता तर त्याहून येत नाही. म्हणून पुढं आयुष्यात काही बिनसलं की आपला हात आपोआप कपाळाकडं जातो.

१९९४ ते १९९६ या काळात पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत सटवाईच्या आधी दुसरंच कुणी येऊन जात होतं. बाळ जन्मल्यापासून बहात्तर तासांच्या आत पुण्याच्या केईएम रुग्णालयाची माणसं वजनकाटा, टेप आणि चिमट्यासारखं एक यंत्र घेऊन दारात हजर होत. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर. मग तो चिमटा: दंडावरची आणि खांद्याच्या पात्याखालची कातडी हलकेच धरून तिची जाडी मोजायची. वारेचंसुद्धा वजन व्हायचं, जी एरवी कुणी न बघता पुरली जाते.

खरं तर वही बाळापाशी उघडलीच नव्हती. १९९३ मध्ये हे काम सुरू झालं तेव्हा या गावांतल्या जवळजवळ अडीच हजार लग्न झालेल्या तरुण बायकांची नावं नोंदवली गेली. दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायची, पाळी चुकली की पुढं सोनोग्राफी, रक्त, आणि ती काय खाते, किती काम करते याचा हिशेब. सासू ओट्यावर बसलेली असताना ही तारीख विचारायची आणि सांगायची, यातली अवघड गोष्ट कोणती हे मला ठरवता येत नाही. पण एवढं खरं, की या सहा गावांत बाळाच्या नशिबाची नोंद ते आईच्या पोटात यायच्याही आधी सुरू झाली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत हे काम ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ म्हणून ओळखलं जातं.

यामागचे डॉक्टर म्हणजे केईएममधले मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्डला संशोधन करून ते पुण्यात परतले, तेव्हा ओपीडीतले मधुमेही तिथल्या पुस्तकांत बसत नव्हते. पुस्तकातला रुग्ण साठीकडे झुकलेला, लठ्ठ. पुण्यातला तिशी-चाळिशीतला, आणि वजनाच्या तक्त्यात अगदी ‘नॉर्मल’. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर एक विक्षिप्त वाटणारी गोष्ट सांगत फिरत होते: म्हातारपणचा हृदयविकार गर्भात सुरू होतो.

बार्करांच्या हाती जे घबाड लागलं होतं तेही एका बाईच्या वहीतलंच. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या अधिकारी बाईंनी सुईणींना आणि आरोग्यसेविकांना शिस्त लावली होती, की जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन खतावणीत लिहायचंच. त्या खतावण्या पुढं जपून राहिल्या. बार्करांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांहून जास्त पुरुषांची नावं त्यातून काढली आणि कोण कशानं गेलं ते शोधलं. वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यांत कमी, त्यांच्यातच हृदयविकारानं मेलेले सगळ्यांत जास्त. हे १९८९ साली छापून आलं, तेव्हा डॉक्टरमंडळी सिगारेट आणि कोलेस्टेरॉलमध्ये बुडालेली होती. पुष्कळांनी नाकं मुरडली.

याज्ञिकांनी मुरडलं नाही. साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांना सोबत घेऊन त्यांनी उलट्या टोकानं सुरुवात केली. जुनी खतावणी शोधत बसण्याऐवजी नवी लिहायला घेतली, आणि तीही जिथं डॉ. बानू कोयाजींच्या नेतृत्वाखाली केईएमनं वढूच्या ग्रामीण प्रकल्पातून आधीच पाय रोवले होते त्या भागात.

आता त्या खतावणीत काय सापडलं ते बघू.

आया सरासरी एकवीस वर्षांच्या, बेचाळीस किलोच्या, पाच फुटांच्या आतबाहेर. बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची गोरी बाळं साडेतीन किलोची. एवढ्यात काही नवल नाही. आपली बाळं लहान असतात हे कोणतीही सुईण सांगेल. नवल त्या चिमट्यानं दाखवलं. आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. दंडाचे स्नायू, पोटातले अवयव यांत फार मागं. पण खांद्याच्या पात्याखालच्या चरबीत जवळजवळ बरोबरीला आलेलं. म्हणजे दिसायला काडी, पण अंगाच्या मानानं चरबीचं. पुढं पुण्यातल्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर वजनानं हलक्या असूनही पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. मधुमेहाकडं जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी जन्माच्या दिवशीच चढून झालेली.

याज्ञिकांनी हे सांगण्यासाठी स्वतःचं शरीरही मांडलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन मित्रांचं एक छायाचित्र आलं: लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि शेजारी पुण्याचे डॉ. याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. दशांशापर्यंत सारखा. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. विम्याच्या फॉर्मवर उंची-वजन लिहून निर्धास्त होणाऱ्या प्रत्येक मराठी माणसानं हा फोटो एकदा पाहावा.

हे असं का होतं? टंचाईत घर चालवणारी बाई जसं करते तसंच गर्भ करतो. येईल तेवढ्यातून आधी मेंदूचं पान वाढायचं, आणि काटकसर करायची ती मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांच्यात. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या ज्या बारीक चाळण्या असतात त्या जन्मापर्यंत बनतात तेवढ्याच. नंतर एकही नवी बनत नाही. कमी घेऊन आलेला माणूस साठ वर्षं कमी चाळण्यांवर तेवढंच रक्त गाळतो. त्यांची झीज आधी होते, रक्तदाब आधी वाढतो. आपण म्हणतो, ‘वयानं झालं.’

पण गर्भाला कमी का मिळालं, हा प्रश्न डॉक्टरच्या खोलीत सुटत नाही. त्यासाठी विहिरीवर जावं लागतं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या कामाचा हिशेब मांडला. पाणी आणणं, धुणं, शेतातली कामं. ज्यांच्या वाट्याला ही कामं जास्त, त्यांची बाळं लहान. दवाखान्यातून ‘जड उचलू नका’ असं सांगून पाठवलेली बाई घरी येते तेव्हा रिकामा हंडा तिची वाट बघत असतो. तो दुसरं कोण उचलणार, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

जेवणाचा हिशेब आणखी बोलका निघाला. एकूण किती उष्मांक पोटात गेले यावरून बाळाचा आकार ठरत नव्हता. ठरत होता पालेभाज्या, फळं आणि दूध यांवरून. भाकरी होती, कोरड्यास होतं. पण फळ पाहुण्याला आणि आजाऱ्याला, आणि दूध डेअरीला. पश्चिम महाराष्ट्रात दूधधंद्यानं घराघरात रोकड आणली हे खरंच. त्याच धंद्यानं घरातलं दूध पहाटे कॅनमधून बाहेर नेलं आणि जिनं धार काढली तिला चहापुरतं उरलं, हेही तेवढंच खरं. त्यात सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. त्यात पुन्हा ‘पोटात बाळ मोठं झालं तर अडेल’ म्हणून दोन घास कमी. ही समजूत अडाणीपणाची म्हणून आपण हसतो, पण जवळ दवाखाना नसताना अडलेली बाई दगावताना ज्यांनी पाहिली त्या म्हाताऱ्यांनी ती केली आहे. हसायचं असेल तर दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या रस्त्याला हसावं.

दुधाचा मुद्दा रक्तातही उमटला. तीनपैकी दोन आयांच्या रक्तात बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते वनस्पतीत नसतं. दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळतं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र बऱ्याच जणींत पुरेसं, काहींत भरपूर, कारण सरकारी लोहाच्या गोळीत ते असतंच. ज्या आयांत फोलेट जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर जास्त चरबीची निघाली, आणि ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी१२ कमी, त्यांची मुलं इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देणारी. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. (म्हणून कुणी लोहाची गोळी बंद करू नये. प्रश्न गोळीत काय आहे याचा नसून शेजारी काय नाही याचा आहे.)

बी१२ आणि फोलेट ही जोडगोळी शरीरात मिथाइल नावाच्या चिमुकल्या खुणा पुरवते. आपल्या पेशीतली जनुकं म्हणजे एक जाडजूड पोथी धरली, तर त्यातलं कोणतं पान वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं ते या खुणा सांगतात. पोथी आईबापांकडून येते, खुणा त्या काळात मिळालेल्या अन्नातून. यातला सगळ्यांत बोलका पुरावा हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडची रसद तोडली आणि माणशी रोजचं रेशन हजार उष्मांकांच्याही खाली गेलं. त्या महिन्यांत जे पोटात होते त्यांना पन्नाशीत साखर पचेना. आणि २००८ साली, साठ वर्षांनंतर, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. एक हिवाळा, आणि शरीरानं तो साठ वर्षं जपून ठेवलेला.

हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. मी बहात्तरच्या दुष्काळात तिच्या पोटात होतो. ती खडी फोडायला जायची. माझं जन्मवजन तिला माहीत नाही. कुणी केलंच नव्हतं. वार आठवतो, लाल मिलोच्या भाकरीची चव आठवते, आणि सुकडी वाटणाऱ्या माणसाचा आवाज आठवतो. माझी साखर पंचेचाळिशीत वाढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का? मी नाही म्हणालो. बहात्तर साल ‘घरात’ धरायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अर्थात एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि मी जिलबीही कमी खाल्लेली नाही.

सहा गावांतली बाळं मोठी होत होती. मध्यंतरी त्या भागाच्या आसपास रांजणगाव आणि चाकणचे कारखाने उभे राहिले, सायकली जाऊन मोटारसायकली आल्या, हंड्यांच्या जागी कुठं कुठं नळ आले. मुलं अठराची झाल्यावर पुन्हा तपासली. सरासरी बीएमआय विसाच्या आसपास, म्हणजे बघणारा ‘जरा खात जा रे’ म्हणेल असे. त्यांच्यात मधुमेहपूर्व पातळीची साखर मुलींत १८ टक्के आणि मुलांत ३७ टक्के. अठराव्या वर्षी! यांना कोणती ‘जीवनशैली’ बदलायला सांगणार? हा शब्द दवाखान्यांच्या भिंतींवर आता इतका लावलेला असतो की तो ऐकला की माझं डोकं फिरतं. जीवनशैली निवडायला आधी निवड हाती असावी लागते.

मग उपाय काय? गरोदरपणात खाऊ घाला, असं कुणीही म्हणेल. मुंबईत हे करून पाहिलं गेलं. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ‘सरस’ नावाच्या प्रकल्पात २००६ पासून वस्त्यांतल्या सहा हजारांहून जास्त बायकांना, गर्भ राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. पुण्याच्या सहा गावांत जे तीन पदार्थ महत्त्वाचे ठरले होते तेच त्यात: पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. रोज, केंद्रावर येऊन, समोर खायचं.

निकाल २०१४ साली आला आणि वजनाच्या बाबतीत पाणी पडलं. सरासरी फरक २६ ग्रॅम, जो योगायोगानंही येऊ शकतो. गर्भ राहण्याच्या तीन महिने तरी आधीपासून खाणाऱ्यांत ४८ ग्रॅम. आणि ज्या आया मुळात अंगानं बऱ्या, त्यांच्या बाळांना फायदा सगळ्यांत जास्त. ज्या सगळ्यांत कृश, त्यांच्या बाळांना काहीच नाही. जिला सर्वांत गरज तिलाच लागू पडलं नाही, हा निकाल वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पण त्याच प्रकल्पात एक वेगळी गोष्ट निघाली: पालेभाजी-फळं-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४. बाळाचं वजन हाच एक काटा धरून बसलं असतं तर हे निसटलंच असतं.

कृश आईच्या बाळाला का पुरलं नाही? कारण तिचं शरीर घडलं ते तिच्या आईच्या पोटात आणि मग तिच्या न्हाणवयात. इतकंच काय, मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात तिची सगळी अंडी तयार असतात. म्हणजे ज्या बीजातून मी झालो ते माझ्या आजीच्या पोटात तयार झालं, आजी जे खात होती त्यावर. तीन पिढ्यांची उधारी नऊ महिन्यांत फेडा म्हटलं तर कोण फेडणार? पुण्याच्या गटानं म्हणूनच २०१२ पासून मोर्चा वळवला. अभ्यासात जन्मलेल्या मुली एव्हाना सोळा-अठराच्या झाल्या होत्या. त्यांच्यातल्याच काहींना लग्नाच्या, गरोदरपणाच्या कितीतरी आधीपासून रोज अगदी थोडं बी१२ दिलं. त्यांच्या मुलांची संख्या लहान आहे, पण नुसतं बी१२ मिळालेल्या आयांची मुलं भाषेच्या आणि आकलनाच्या चाचण्यांत पुढं निघाली.

इथवर गर्भाचं झालं. पण सटवाई एका रात्रीत लिहून जाते, समाज मात्र रोज लिहीत असतो.

म्हातारपण मोजायची एक साधी खूण आहे: मूठ. हातात दाबायचं यंत्र द्यायचं आणि किती जोरानं दाबता येतं ते बघायचं. ढिल्या मुठीची माणसं जास्त पडतात, लवकर अंथरुणाला खिळतात, लवकर जातात. २०१७-१८ साली मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ‘लासी’ हे देशव्यापी पाहणीचं काम केलं. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांत मूठही तपासली. हर्टफर्डशायरच्या जुन्या खतावणीतल्या माणसांचीही म्हातारपणी मूठ मोजली होती. वर्षाचं असताना ज्यांचं वजन कमी, त्यांची मूठ साठीनंतर ढिली. स्नायूंचं भांडवल आधीच कमी मिळालेलं. आणि आपल्या बाळांचे दंड कसे होते ते वर सांगितलंच आहे.

भांडवल कमी असलं तरी ते जपता येतं, किंवा उधळता येतं. लंडनमध्ये मायकेल मार्मट यांनी सरकारी नोकरांचा अभ्यास केला. हे काही उपाशी लोक नव्हते. सगळ्यांना पगार, पेन्शन, मोफत दवाखाना. तरी सगळ्यांत खालच्या पायरीवरचे शिपाई, पहारेकरी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिप्पट दरानं मरत होते, आणि विडीकाडी, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरत होता. कामावर स्वतःचा ताबा किती, यावर मार्मटांचं बोट होतं.

ताबा. हा शब्द घेऊन बीड जिल्ह्यात जाऊ.

दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. कारखान्याच्या फडात पालाची कोपी, पहाटे अंधारात तोड सुरू, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खाडा झाला तर दंड, आणि तो दिवसाच्या कमाईहून जास्त असू शकतो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की उत्तर एकच: पिशवी काढून टाका. मुलं झालीत ना? मग कशाला ठेवायची?

२०१९ साली यावर ओरड झाली, तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या आरोग्य पाहणीत हा आकडा शंभरात तीनच्या आसपास असतो. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. ती ठेवली तरी ते काही वर्षं अलीकडं सरकतं. हाडं जपणारं, हृदय सांभाळणारं संप्रेरक आटतं. हाडं विरळ होतात, अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, झोप जाते. जी बाई बेचाळीस किलोच्या आईच्या पोटी अडीच किलोची जन्मली, न्हाणवयात शाळा सोडून फडावर भावंडं सांभाळायला गेली, सतराव्या वर्षी ‘कोयता पुरा करायला’ लग्न झालेली, तिच्या अंगात पस्तिशीलाच साठीची हाडं येतात. तिला यातली एकही गोष्ट निवडायला मिळाली नव्हती. आणि पुढच्या हंगामात मोळी तेवढीच जड असते.

राज्यात ज्येष्ठांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. चष्मा, काठी, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यासाठी वयाची पासष्ट वर्षं पूर्ण असावी लागतात. फडातल्या त्या बाईला अजून तीस वर्षं आहेत.